बिल्ला मोफत, नोंदीचा खर्च कोणाचा?

देशी गोवंशाच्या संवर्धनाची चर्चा निघाली की जनावराच्या कानातील पिवळ्या बिल्ल्याचा दाखला दिला जातो. १२ अंकी क्रमांकाचा हा बिल्ला पशुपालकाला मोफत मिळतो आणि जून २०२४ पासून राज्यात त्याविना जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. पण बिल्ल्याने जनावराची ओळख पटते, त्याचा वंश आणि गुण कळत नाहीत. गाईचे आई-बाप कोण, पहिले वेत कितव्या वर्षी, एका वेतात दूध किती, हे सारे कोणीतरी वर्षानुवर्षे लिहून ठेवावे लागते. खरा खर्च तेथे आहे.

जातीची नोंद आणि जनावराची नोंद यांत नेहमीच गल्लत होते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ यांच्या जोडीला अलीकडे कोकण कपिला आणि कठाणीही आल्या. हा मान संपूर्ण जातीचा. त्यातून एखाद्याच्या दावणीच्या गाईला वंशावळीचा कागद मिळत नाही. केंद्राच्या कळपनोंदणी योजनेने गाईंच्या गीर, कांकरेज, हरियाना आणि ओंगोल या चार जाती निवडल्या. त्यांत महाराष्ट्रात उगम पावलेली एकही नव्हती.

दुधाची नोंद म्हणजे साधारण ३०५ दिवसांच्या वेतात महिन्यातून एक दिवस, सकाळ-संध्याकाळ मोजमाप. एका गाईमागे वीसेक मोजण्या झाल्या. मोजणाऱ्याला भल्या पहाटे गोठ्यावर पोहोचावे लागते. त्यात देशी गाय वासरू लावल्याखेरीज सहसा पान्हा सोडत नाही. वासराने प्यालेले दूध हिशेबात येतच नाही. वळूची पारख याहून लांबची. त्याची कालवड जन्मून, वाढून, विऊन तिचे एक वेत पुरे होईपर्यंत पाच-सहा वर्षे सहज जातात.

एवढे करून पशुपालकाच्या पदरात काय पडते? पाश्चात्त्य देशांत पैदासकार संघटनेला शुल्क भरतो, कारण नोंदलेल्या वासराला बाजारात चढा भाव मिळतो. आपल्याकडे खिलार खोंडाचा भाव ठरतो तो अंगकाठी, शिंगे आणि चाल पाहून. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर वेगालाच मोल आले. बापाचे नाव तोंडी सांगितले तरी गिऱ्हाईक मान डोलावते. शिवाय कामाच्या या जातीची कामगिरी दुधाच्या मापाने मोजणे हेच मुळात अर्धवट आहे. ओढशक्ती किंवा पावसात तग धरण्याची क्षमता नोंदणारी यंत्रणा गावपातळीवर नाही.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी गाईंसाठी 'गौचिप' या जनुकीय चाचणी-संचाचे अनावरण झाले. त्यामुळे वासराचे गुण लहानपणीच ताडता येतील, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र जनुकांचा अर्थ लावण्यासाठी हजारो जनावरांच्या प्रत्यक्ष दुधाच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. चिप नोंदवहीची जागा घेऊ शकत नाही.

हा भार पशुपालकावर टाकला, तर नोंदी होतील त्या ऐपतदार गोठ्यांच्याच. निवड मग त्यांच्यातूनच होईल आणि सह्याद्रीच्या मुसळधार पावसात रानात चरणारी डांगी गाय हिशेबाबाहेर राहील. दूध मोजणाऱ्याच्या मानधनाबरोबरच मोजू देणाऱ्याच्या वेळेचाही मोबदला सरकारी तरतुदीत धरावा लागेल, आणि तोही पाच-सहा वर्षे खंड न पडता.