जप्तीत गेलेली वृत्तसृष्टी

रशियन वृत्तसृष्टीच्या दुरवस्थेची चर्चा बहुधा मार्च २०२२ पासून आरंभली जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण युक्रेनवरील आक्रमणाला जेमतेम आठ दिवस होतात तोच सैन्याविषयी ‘खोटे’ वृत्त देणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत कैद फर्माविणारा कायदा तेथे संमत झाला, १९९० पासून चालत आलेले ‘एखो मोस्क्वी’ हे नभोवाणी केंद्र बंद पडले, आणि ज्याचे संपादक दिमित्री मुरातव यांस आदल्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते, त्या ‘नोवाया गझेता’ने महिनाअखेरीस आपले प्रकाशन स्थगित केले. तथापि वर्मी बसलेला घाव हा नव्हे. तो याच्या एकवीस वर्षे आधीचा आहे, आणि दप्तरी त्याची नोंद निव्वळ कर्जवसुली अशी आहे.

व्लादिमीर गुसिन्स्की या धनिकाने १९९३ साली स्थापिलेल्या ‘एनटीव्ही’ वाहिनीने चेचन्यातील युद्धाचे विदारक स्वरूप रशियनांस घरबसल्या दाखविले होते, आणि ‘कुक्ली’ नामक कार्यक्रमातून सत्ताधीशांच्या बाहुल्या नाचवून त्यांची यथेच्छ टवाळीही चालविली होती. पुतिन राष्ट्राध्यक्ष झाले आणि जून २००० मध्ये गुसिन्स्की मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात गेले. पुढे, खटला मागे घेण्याच्या मोबदल्यात आपला माध्यमव्यवसाय सरकारी वर्चस्वाखालील ‘गॅझप्रॉम’ या वायुकंपनीस विकण्याच्या करारावर त्यांनी सही केली, आणि खटला मागे घेतला जाताच ते देशाबाहेर निघून गेले. अशा सौद्यासाठी बंदिवासाचा वापर झाला हे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००४ साली मान्य केले खरे, पण तोवर वाहिनी हातची गेली होती: थकलेल्या कर्जाच्या सबबीवर एप्रिल २००१ मध्ये गॅझप्रॉमने तिचा ताबा घेतला होता.

गुसिन्स्कींना हुतात्मा ठरविण्याची मात्र माझी तयारी नाही. १९९६ च्या निवडणुकीत साम्यवादी उमेदवाराच्या भयाने याच एनटीव्हीने येल्त्सिन यांची उघड पाठराखण केली, इतकेच नव्हे तर वाहिनीचा एक प्रमुख अधिकारी त्यांच्या प्रचारयंत्रणेत जाऊन बसला. बातमी ही सत्तेशी करावयाच्या व्यवहारातील चलन आहे, हे ज्या मालकांनी स्वतःच सिद्ध केले, त्यांच्याकडून ते चलन अधिक बलवान पक्षाने काढून घेतले तेव्हा मॉस्कोत सभा भरल्या, निषेध झाले. परंतु सामान्य प्रेक्षकाला ते दोन बड्या धेंडांमधले भांडण वाटले असल्यास त्याला फारसा दोष देता येणार नाही.

सेन्सॉरशिपला १९९१ च्या वृत्तमाध्यम कायद्याने आणि १९९३ च्या संविधानाच्या २९ व्या कलमाने मज्जाव केलेला आहे, आणि ती कलमे आजही कायम आहेत. सोव्हिएत काळी ‘ग्लावलीत’चा मुनशी छापण्यापूर्वी मजकूर तपासत असे; आता त्याची गरजच उरलेली नाही. ‘रोस्कोम्नाद्झोर’ हे खाते परवाना रद्द करते, संकेतस्थळे अडविते. आणि ज्याच्यावर ‘परकीय हस्तक’ असा शिक्का बसला त्याला तो आपल्या प्रत्येक मजकुरावर ठसठशीतपणे मिरवावा लागतो. रीगाहून चालणाऱ्या ‘मेदुझा’वर २०२१ साली हा शिक्का बसताच जाहिरातदारांनी पाठ फिरविली आणि त्या संस्थेला वाचकांपुढे झोळी पसरावी लागली. मजकुरातील एक अक्षरही न खोडता वृत्तपत्राचा अन्नपुरवठा तोडण्याची ही युक्ती झारशाहीलाही सुचली नसेल.

आता हा कारभार संपादकाच्या मेजावरून थेट तारेपर्यंत पोहोचला आहे. सप्टेंबर २०२५ पासून रशियात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक भ्रमणध्वनीत ‘मॅक्स’ हा देशी संदेशवाहक आधीच घातलेला असावा असा दंडक आहे, आणि त्याआधीच्याच महिन्यात व्हॉट्सॲप व टेलिग्राम यांवरील संभाषणावर निर्बंध आले. युद्ध थांबेल, नवा शासक येईल, मग सारे मोकळे होईल, अशी आशा बाळगणारे पुष्कळ भेटतात. २०२२ चा कायदा एका सहीने रद्द होऊही शकेल. परंतु वाहिन्यांची मालकी त्यानंतरही जेथल्या तेथेच राहील, आणि ती सोडवून घेणारा नवा धनिक गुसिन्स्कींहून निराळा असेल असे मानण्यास मला तरी आधार दिसत नाही.