जिवंत माणसाचे सुतक

2021 च्या फेब्रुवारीत परंड्याहून एक चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. पत्नीच्या शीलाची परीक्षा म्हणून नवऱ्याने तिला उकळत्या तेलातून पाच रुपयांचे नाणे काढायला लावले होते. सर्वत्र संताप व्यक्त झाला, आणि तो रास्तच होता. परंतु असल्या परीक्षांना जी जातव्यवस्था न्याय म्हणते, तिचे खरे शस्त्र उकळते तेल नव्हे. ते शस्त्र आहे वाळीत टाकणे; आणि त्याची चित्रफीत निघत नाही. मुलगा दाराशी उभा आहे, आई आत खाली मान घालून बसली आहे, याचे चित्रण करणार कोण?

गावाने किंवा जातीने एखाद्या घराशी बोलणे सोडणे म्हणजे बहिष्कार, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. शेजारी बोलला नाही म्हणून माणूस मोडत नाही. पंचांचा हुकूम खरा लागू होतो तो त्याच्या भावाला, सासऱ्याला, सासरी नांदणाऱ्या लेकीला. जो त्याच्याशी बोलेल, त्याच्या घरचे पाणी पिईल, त्याच्याकडच्या मयताला खांदा देईल, त्याला दंड. दंड भरला नाही तर तोही जातीबाहेर. शिक्षा एकाला, आणि तिची अंमलबजावणी त्याच्याच रक्ताच्या माणसांकडून! पंचांना ना तुरुंग बांधावा लागतो, ना शिपाई पोसावा लागतो. इतकी स्वस्त दंडव्यवस्था कोणत्याही राज्यसंस्थेला आजवर साधलेली नाही.

ती स्वस्त का पडते, हे धाराशिव जिल्ह्यात समजून घेणे सोपे आहे. अवर्षणाच्या या मुलखात पाऊस हुकला की कुटुंबेच्या कुटुंबे उसाच्या फडाकडे निघतात. मुकादमाची उचल मिळते ती जोडीने काम करणाऱ्या कोयत्याला. टोळी जमते ती बहुधा नात्यागोत्यातून. मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे नातलगांच्याच भरवशावर असतात. दवाखान्याला उसने, लेकीच्या लग्नाला उसने, तेही भावकीतच. ज्याला बँकेच्या दारात कोणी ओळखत नाही, त्याची सगळी पत नात्यांत गुंतलेली असते. ती पत एका शब्दाने गोठवण्याचा अधिकार म्हणजेच पंचाचा अधिकार. संस्कृती, रूढी, जातीची अब्रू ही त्यावरची झूल आहे. पारध्यांसारख्या जमातींच्या बाबतीत तर राज्यसंस्थेनेच पंचांना हा मुलूख मोकळा करून दिला. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला, पोलिसांची नजर मात्र रद्द झाली नाही. जो चौकीत शिरताच संशयित ठरतो, त्याने पंचांविरुद्ध दाद मागायची कोणाकडे?

हा केवळ अडाणी आणि दरिद्री लोकांचा रोग आहे, असे मानणाऱ्या सुशिक्षितांनी मुंबईच्या दाऊदी बोहरा समाजाकडे पाहावे. व्यापारात मुरलेला, साक्षर, संपन्न समाज. तरीही धर्मगुरूंच्या ‘बरात’च्या हुकुमाने तिथे दफनभूमी बंद होते, नाती तुटतात. मुंबई राज्याने 1949 साली अशा बहिष्कृतीला प्रतिबंध करणारा कायदा केला. (धाराशिव तेव्हा हैदराबाद राज्यात होते, इथल्या वाळीत पडलेल्यांना तो कायदा ऐकूनही ठाऊक नसावा.) 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो घटनाबाह्य ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात राहिले. पुढे नथवानी आयोगाने 1979 च्या अहवालात बोहरा सुधारकांच्या यातना नोंदवल्या, असगरअली इंजिनियर यांनी आयुष्य त्यात वेचले. 2023 साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला. अमेरिकेत तर हबर्ड नावाच्या विज्ञानकथालेखकाने स्थापलेल्या सायंटॉलॉजी पंथातही हाच प्रकार आढळतो. पंथ ज्याला शत्रू ठरवील, त्याच्याशी आईबापांनी आणि मुलांनीही संबंध तोडायचे! जात नाही, गरिबी नाही, तरी तंत्र तेच.

यावर ठरलेला युक्तिवाद असा, की कोणाशी संबंध ठेवावेत हे ज्याचे त्याने ठरवायचे; धर्माला आणि समाजाला आपली शिस्त राखण्याचा हक्क आहे. युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे, आणि त्यातच उत्तरार्धाचे खंडन आहे. भावाशी अबोला धरण्याचे स्वातंत्र्य भावाला आहे. परंतु ‘भावाशी बोललास तर तुझ्या मुलीचे लग्न मोडू’ असे त्याला बजावले जाते, तेव्हा त्याचे कोणते स्वातंत्र्य शिल्लक उरते? स्वातंत्र्याच्या नावाने इथे संरक्षण मागितले जाते ते धमकी देणाऱ्यासाठी.

डॉ. आंबेडकरांनी हे नेमके ओळखले होते. 1947 साली घटना परिषदेसाठी सिद्ध केलेल्या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. महाराष्ट्राला तसा कायदा करायला 2016 साल उजाडले. तेही 2013 मध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापाकडूनच खून झाल्यावर आणि दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडल्यावर. 2017 पासून अमलात असलेल्या या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत निकाल अशा तरतुदी आहेत. कायदा आवश्यकच होता. पण त्यात पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीची वाट ठेवली आहे. ही संमती मिळवायला पंच स्वतः कशाला जातील? ते आईला पाठवतील. ‘माझ्या मयताला तरी कोणी येऊ दे, खटला काढून घे’ असे म्हणणाऱ्या म्हातारीपुढे कोणते कलम टिकेल?

म्हणून फिर्याद नोंदवून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. तिथून ते सुरू होते. वाळीत पडलेल्या कुटुंबाला रोजगार हमीचे काम, शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि बँकेचे कर्ज भावकीच्या मध्यस्थीवाचून मिळवून देणे हे त्या खटल्याचेच अंग आहे. त्याच्याशी बोलू पाहणाऱ्या भावाला दंडाच्या वेळी एकटे न सोडणे, हे तर त्याहून निकडीचे. एक भाऊ उघडपणे बोलू लागला की हुकमाला पहिला तडा जातो.

आणि याच ठिकाणी राजकीय पक्षांचा हिशेब निघतो. कायद्याच्या बाजूने सभागृहात हात वर करणारे पक्ष निवडणूक आली की एकगठ्ठा मतांसाठी त्याच पंचांच्या बैठकीला हारतुरे घेऊन हजर होतात. पंचाचा शब्द मोडत नाही, ही त्याची प्रतिष्ठा त्यांना मतांसाठी हवीच असते. ती प्रतिष्ठा कशाच्या जोरावर उभी आहे, याची त्यांना कल्पना नाही असे कोण म्हणेल? अशा बैठकीला निघालेला उमेदवार कोणत्याही झेंड्याचा असो, कार्यकर्त्यांनी त्याला त्या वस्तीतले वाळीत टाकलेले घर आधी दाखवावे, आणि तिथे चहा घेतल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये.