गिझरखाली बादली ठेवू नका

मासवण, पालघर, बोईसर, तारापूर आणि आसपासच्या सगळ्या पाड्यांना कळकळीची विनंती. तुमच्या बाथरूममधला गिझर गळत असेल, तर हे वाचून संपवायची वाट पाहू नका. आधी उठा, कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून, मीटरच्या बोर्डावरचा मेन स्विच पाडा. उरलेलं मग वाचा.

दिवाळी तोंडावर आली आहे. उन्हाळ्यापासून बंद असलेले गिझर नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघरी एकदम सुरू होतील. इतके महिने पडून राहिलेलं रबरी वॉशर कडक झालेलं असतं, बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर चढलेले असतात. थेंब पडायला लागतात, आणि आपण काय करतो? खाली बादली ठेवतो. वर कौतुकानं म्हणतो, तेवढंच पाणी लादी पुसायला होतं.

ही सवय बंबाच्या काळातली. तांब्याचा बंब गळायला लागला की तांबट झाळून द्यायचा, तोवर खाली घमेलं असायचं. बंबाचं झाकण सैल, आत दाब नाही, वीज नाही. फार तर निखारे विझायचे. गिझर म्हणजे चारी बाजूंनी बंद टाकी, आणि तिच्या पोटात बहुधा 2000 वॅटचं कॉइल. बंबाचा हिशेब त्याला लावता येत नाही.

थेंब कुठून पडतो ते आधी पाहा. पाहायचं डोळ्यांनी, हातानं नाही. थंड पाण्याच्या नळीच्या जोडावरून पडत असेल तर काम सोपं: वॉशर गेलं असेल किंवा नळी. पण गिझरच्या बुडाच्या झाकणातून पाणी येत असेल तर सावध व्हा. तिथंच कॉइलची टोकं आणि थर्मोस्टॅट असतो. पाणी तिथवर पोचलं की पत्रा, पाइप, नळ, पायाखालची ओली लादी, सगळीकडे करंट उतरू शकतो. ‘आमच्या नळाला जरा मुंग्या येतात,’ असं कुणी हसत सांगितलं, तर हसू नका. ती शेवटची सूचना असू शकते. आणि टाकीच्या अंगातूनच गंजाचं तांबूस पाणी झिरपत असेल तर टाकी संपली. लांबी, एम-सील, वेल्डिंग, कशावरही पैसे घालू नका.

राहिला सेफ्टी व्हॉल्व्ह. इथं मी स्वतः माती खाल्ली आहे. मागच्या थंडीत आमच्या गिझरच्या व्हॉल्व्हमधून टिपटिप सुरू झाली. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, व्हॉल्व्हच्या तोंडावर ताणून तारेनं आवळला आणि चार जणांना माझी अक्कल दाखवली. आठवड्यानं दुसऱ्याच कामाला आलेल्या वायरमननं वर पाहिलं, पक्कड काढली, तार तोडली आणि तो तुकडा काही न बोलता माझ्या हातावर ठेवला.

पाणी तापलं की फुगतं. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांवर गेलं की साधारण 400 मिलिलिटरनं वाढतं. ते मागं जाऊ शकत नसेल तर व्हॉल्व्हमधून ठिबकतं. तापताना पडलेले चार थेंब म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. मात्र धार लागली, वाफ आली किंवा दिवसभर ठिबकत राहिलं, तर थर्मोस्टॅट अडकला असेल, दाब जास्त असेल किंवा व्हॉल्व्हच बिघडला असेल. तेव्हा लगेच बंद करून माणूस बोलवा. व्हॉल्व्हचं तोंड बांधलं आणि थर्मोस्टॅटही अडकला, तर भिंतीवर गिझर नाही, बॉम्ब टांगलेला आहे.

नुसतं गिझरचं बटन बंद करणं पुरत नाही. जुन्या चाळींत पुष्कळदा वायरिंग उलटं झालेलं असतं. बटन न्यूट्रलवर, म्हणजे दिवा विझला तरी फेज गिझरमध्ये हजर. म्हणून मेनच पाडायचा. मग गिझरकडे येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करायचा. आतलं पाणी पूर्ण निवू द्या. गरम टाकी रिकामी करायला जाऊ नका. दुरुस्तीला प्लंबर आणि वायरमन दोघंही लागू शकतात. प्लंबर म्हणतो कॉइलचं वायरमन बघेल, वायरमन म्हणतो गळतीचं प्लंबर बघेल, आणि गिझर तसाच सुरू होतो. असं होऊ देऊ नका.

बोईसर-तारापूरच्या घरमालकांना वेगळं सांगतो. एमआयडीसीत पाळीवर जाणारी चार-चार पोरं तुमच्या एका खोलीत राहतात. तिथं तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो साध्या सॉकेटमध्ये कोंबलेला दिसतो. ती पिन अर्थिंगची. पूर्वी अर्थिंगची तार लोखंडी पाइपला बांधायचे, तेही चुकीचंच. आता पाइप प्लास्टिकचे झाले, म्हणजे तेवढाही आधार उरला नाही. प्रत्येक खोलीला खरं अर्थिंग द्या, 16 अँपिअरचा सॉकेट द्या, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. मीटरच्या पुढचं वायरिंग महावितरण पाहत नाही, ते तुमचं आहे. भाडं घेता तेव्हा खोली तुमची असते, मग वायरिंगही तुमचंच.

सूर्या नदीचं पाणी आपल्या मासवणहून पंपानं उचलून पार वसई-विरारपर्यंत नेतात, त्यामुळे गळती म्हटली की आपल्याला आधी वाया जाणारं पाणी दिसतं. या एका गळतीत तरी पाण्याचा विचार नंतर करा.

कुणाला करंट लागलाच तर त्याला हात लावू नका, ओढू नका. आधी मेन पाडा, मग 108 ला फोन लावा. घरातल्या सगळ्यांना, दहा वर्षांच्या पोरालाही, मेन स्विच कुठला ते आज रात्रीच दाखवून ठेवा.