धूळ दिसते, धूर दिसत नाही

डिचोली तालुक्यातील सुर्ला गावाला पर्यावरणाचा कायदा म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द झाले. ट्रक दारात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते थकले. आता नव्या लिलावांत सुर्ला-सोनशी हा ब्लॉकही निघाला आहे.

मधल्या काळात खाणपट्ट्यातील मुलांना सगळ्यांनी एकच सल्ला दिला: संगणकाकडे वळा, तो धंदा स्वच्छ आहे. पेडण्यात तुये येथील इलेक्ट्रॉनिक वसाहतीची चर्चाही त्याच आशेवर चालली. सल्ला चांगलाच आहे, पण ‘स्वच्छ’ हा शब्द तपासून घेतला पाहिजे.

आपले खनिज बार्जमधून मांडवीमार्गे मुरगावला आणि पुढे चीन-जपानच्या भट्ट्यांत गेले. धूळ आपल्या कौलांवर बसली, कर्बवायू तिकडे सुटला. संगणकाच्या धंद्यात धूळ नाही, पण धूर आहे. तो दुसऱ्याच्या गावात निघतो, एवढेच. गोव्याची बरीच वीज कोरबा, विंध्याचल अशा परराज्यांतील कोळशाच्या केंद्रांतून येते. देशात सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू सुटतो. दहा मेगावॅट वीज अहोरात्र खाणारे एक डेटा सेंटर धरा. वर्षाला ८ कोटी ७६ लाख युनिट, म्हणजे साठ हजार टनांहून अधिक कर्बवायू झाला. जगातील डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली.

कायदा मात्र अजून धुळीपुरताच पाहतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते आणि गावकरी तिथे उभे राहून बोलू शकतात. इमारत व बांधकाम प्रकल्पांना २० हजार चौरस मीटरपासून पर्यावरणीय मंजुरी लागते, पण जनसुनावणीतून सूट आहे. त्याखालच्या इमारतीला मंजुरीही लागत नाही, मग आत यंत्रे कितीही वीज खावोत.

हे बदलता येते, याचा दाखला पेडण्यातच आहे. मोपा विमानतळाची पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठवताना शून्य-कार्बन कार्यक्रमाची हमी नोंदवून घेतली आणि देखरेख नागपूरच्या नीरी संस्थेकडे सोपवली. म्हणजे कर्बवायूचा हिशेब मागता येतो, मागणारा हवा.

म्हणून समाजबांधवांना आग्रहाची विनंती. आपल्या तालुक्यात डिजिटल उद्योग जरूर यावेत, मुलांना गावाजवळ नोकऱ्या मिळाव्यात. पण प्रस्ताव येताच ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारा: वीज किती व कुठून, पाणी किती व कुठले, आणि सौरऊर्जेचा वाटा किती? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या. खाणी आल्या तेव्हा आपल्या वाडवडिलांना कुणी काही विचारले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. त्याची किंमत शेतांनी आणि झरींनी मोजली. या वेळी गप्प बसलो, तर ती कोरब्याच्या शेतकऱ्याला मोजावी लागेल, आणि हवा तर सर्वांची एकच आहे.