काँट्रा: नाणं गेलं, जोडीदार उरला

जुने गेम पुन्हा खेळू नयेत, ते आठवणीतच बरे दिसतात, असं माझं साधारण मत आहे. काँट्रा हा त्याला अपवाद. पण अर्धाच!

अर्धा अशासाठी की काँट्राचे मूळ अवतार दोन. एक कोनामीने १९८७ मध्ये आर्केडसाठी काढला, म्हणजे नाणं टाकून उभ्याने खेळायच्या मशीनसाठी. दुसरा १९८८ मध्ये, निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी. आज सोफ्यावर दोघांनी बसून खेळायचं म्हटलं तर मूळ, श्रीमंत आर्केडवाला गेम फिका पडतो आणि त्याची गरीब घरगुती आवृत्ती अजून झकास चालते. हे उलटं का झालं, यावर या वीकांताला बराच विचार केला. हापिसातल्या कामापेक्षा जास्त, खरं सांगायचं तर.

आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलाय तो दुसराच, तोही बहुधा निन्टेन्डोचं नाव न ऐकता. आपल्याकडे मिळायचे ते नक्कल केलेले डबे. त्याला आपण नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. दोन कंट्रोलर, एक पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’ असं बिनदिक्कत छापलेलं आणि आत मूठभर गेम नावं बदलून फिरत असायचे. नाही चालली तर काढून फुंकर मारायची. काँट्रा मात्र त्यात असायचाच.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बिल आणि लान्स असे दोन कमांडो. पळायचं, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या. एक गोळी लागली की मेलात. तीन लाइफ. मेलात की हातातली भारी बंदूकही गेली. बास. गोष्ट म्हणून यात सांगण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्याकडे. आर्केडचा स्क्रीन उभा होता, टीव्ही आडवा. शिवाय त्या कन्सोलची मुख्य मेमरी होती २ किलोबाइट. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कॅसेटमधला अख्खा गेम १२८ किलोबाइटचा. रोज सकाळी येणारे सुप्रभातचे फोटो बहुतेकदा याहून जड असतात! एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट आले की उरलेले दिसायचेच नाहीत, म्हणून गर्दी झाली की चित्र लुकलुकायचं. अशा यंत्रावर आर्केडचा गेम जसाच्या तसा उतरवणं शक्यच नव्हतं.

आपल्या धंद्यात अशा वेळी काय करतात ते आपल्याला माहीत आहे. ‘अ‍ॅज इज मायग्रेट करू, नाही बसलं ते कापू.’ कोनामीने तसं केलं नाही. त्यांनी गेम नव्याने बांधला. मांडणी आडव्या स्क्रीनसाठी बदलली. आर्केडमध्ये शेवटचा सगळा भाग सलग एकच होता, घरच्या आवृत्तीत त्याच्या स्वतंत्र लेव्हल झाल्या: बर्फ, कारखाना, हँगर, शेवटी एलियनची गुहा. एकूण आठ. म्हणजे हार्डवेअर कमी ताकदीचं आणि गेम जास्त ऐसपैस. आज रुंद टीव्हीवर आर्केडची आवृत्ती लावली की दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मध्ये चिंचोळी खिडकी उरते. इमानदारीने जपलेलं आहे सगळं, पण घरात उपरं वाटतं.

अर्थात स्क्रीन हे वरवरचं कारण झालं. खरं कारण नाण्याचं आहे.

आर्केडचं सगळं अर्थकारण नाण्यावर चालतं. मशीनला तुम्हाला ठरावीक वेळात मारावंच लागतं, नाहीतर दुकानदाराने भाडं कुठून द्यायचं? त्यामुळे तिथल्या प्रत्येक मरणाला किंमत असते, आणि ती तुमच्या खिशातून जाते. तोच गेम घरी आणला की ‘नाणं टाका’ हे एक बटण होऊन बसतं. दाबा, पुन्हा जिवंत व्हा. मरण फुकट झालं की थरार गेला. जुने आर्केड गेम घरी खेळताना अर्ध्या तासात कंटाळा येतो तो चित्रं जुनी असतात म्हणून नव्हे, काही पणाला लागलेलंच नसतं म्हणून.

घरच्या काँट्राने यावर काढलेला उपाय मला अजून थोर वाटतो. कंटिन्यू मोजकेच, तीन. आणि दोघं खेळत असताना एकाच्या लाइफ संपल्या तर त्याने बटण दाबायचं आणि जोडीदाराच्या शिलकीतली एक लाइफ घ्यायची. विचारायची गरज नाही! तुम्ही जीव मुठीत धरून लढताय आणि शेजारचा गुपचूप तुमच्या खात्यातून एक उचलतो. उधारी म्हणा नाहीतर चोरी म्हणा. नाण्याच्या जागी कोनामीने तुमचं आपसातलं नातं चलन म्हणून वापरलं. आता मरणाला पुन्हा किंमत आली, फक्त ती शेजारी बसलेला माणूस भरतो.

म्हणूनच काँट्रावरून भावंडांत हाणामाऱ्या व्हायच्या. ‘एस’ बंदूक पडली तर ती कोणी घ्यायची? ज्याला नीट खेळता येतं त्याने, की जो सारखा मरतोय त्याने? आणि तिसऱ्या लेव्हलचा धबधबा! तिथे वर चढायचं असतं, आणि वरचा जितका वर जाईल तितका स्क्रीन वर सरकतो. मागे राहिलेला खालच्या कडेखाली गेला की मेला. त्याला शत्रू मारत नाही, तुमची घाई मारते. टीमवर्कवरची ट्रेनिंगं मी बरीच बसून काढली आहेत, पण त्यांपैकी एकातही हे इतक्या नेमकेपणाने सांगितलेलं आठवत नाही: पुढच्याचा वेग मागच्याच्या जिवावर उठू शकतो.

यावर कुणी म्हणेल, तीस लाइफचा कोड होता की! वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. होता, आणि त्याची जन्मकथा आपल्या लोकांना आवडेल अशी आहे. काझुहिसा हाशिमोतो नावाचा कोनामीचा प्रोग्रॅमर १९८६ मध्ये ग्रेडियस हा आर्केडचा गेम घरच्या कन्सोलवर आणत होता. टेस्ट करायला तो त्याला फारच अवघड जात होता, म्हणून त्याने हा शॉर्टकट टाकला, आणि तो काढायचा राहून गेला. टेस्टिंगचा कोड प्रॉडक्शनमध्ये गेला आणि जगप्रसिद्ध झाला! हाशिमोतो २०२० मध्ये वारले. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, जोडीने खेळताना हा कोड वापरू नका. तीस लाइफ हातात असल्या की एक गेली काय, दोन गेल्या काय. कुणाला कुणाची पर्वा राहत नाही.

२०१९ मध्ये आलेल्या काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये आर्केड आणि घरची, दोन्ही आवृत्त्या आहेत. शेजारीशेजारी खेळून बघा, मी काय म्हणतोय ते कळेल. दोन पथ्यं पाळा. टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. गेम सेकंदाला साठ फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. टीव्ही चित्र सजवण्यात अशा चार-पाच फ्रेम खाऊ लागला की उडी चुकते आणि आपण उगाच गेमला शिव्या घालतो. दुसरं पथ्य, सेव्ह स्टेटला हात लावू नका. ते म्हणजे फुकटचं नाणंच.

‘हा सगळा नॉस्टॅल्जिया आहे’ हा आक्षेप मला पटत नाही. नॉस्टॅल्जिया असता तर मारियो सोडून बाकीची कॅसेटही आवडली असती. त्यातले बहुतेक गेम आज पाच मिनिटंही खेळवत नाहीत. आणि ‘आता ऑनलाइन को-ऑप आहेच की’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: ऑनलाइन जोडीदार चिडला तर निघून जातो. शेजारचा कुठे जाणार? लाइफ चोरल्यावर त्याच्याच बरोबर रात्री जेवायला बसायचं असतं.

आमच्यासारख्यांच्या फ्लॅटमध्ये तीन खोल्या, तीन बंद दारं आणि तीन हेडफोन असतात. भाडं आणि वायफाय सोडून सामाईक असं काही नसतं. त्यावर १२८ किलोबाइटचा गेम हा उपाय आहे, असा माझा दावा नाही. पण त्या गेममध्ये दोघांना एकच स्क्रीन होता आणि लागलंच तर एकमेकांचं आयुष्य वापरता यायचं. हे डिझाइन म्हणून अजून जुनं झालेलं नाही.

तेव्हा पुढच्या वीकांताला दुसरा कंट्रोलर शोधा. कोड नाही, सेव्ह नाही. आणि धबधब्यापाशी जरा थांबा, मागून कोणीतरी येतंय.