पुढारी नकार देवोत, आपण नोंद करून घेऊ या



दर दहा वर्षांनी होणारी जनगणना या खेपेला सोळा वर्षांनी होत आहे. 2021 ची गणना करोनात अडकली आणि मग पुढेच ढकलली जात राहिली. आता 1 मार्च 2027 हा तिचा संदर्भदिन ठरला आहे, आणि 1931 नंतर पहिल्यांदाच जनगणनेतून देशभरातल्या सगळ्या जातींचे आकडे मिळणार आहेत. तेव्हा ही मोजणी वादाशिवाय पार पडेल, असे समजणे भोळेपणाचे होईल. कोणी म्हणेल, जात विचारून समाज फोडायचा डाव आहे. कोणी म्हणेल, सरकारवर विश्वास नाही, माहिती देऊ नका. कोणी नुसतेच म्हणेल, आम्हाला त्याची गरज नाही. यांतले काही आक्षेप अगदीच पोकळ नाहीत, आणि त्यांचा विचार पुढे केलाच आहे. पण हे आवाहन एका गोष्टीसाठी आहे. उद्या तुमचा आमदार, खासदार किंवा समाजाचा नेता जनगणनेवर बहिष्कार घाला म्हणाला, तर त्याचे ऐकू नका. तो कोणत्याही पक्षाचा असो. त्याच्या नकाराने त्याचे स्वतःचे काही कमी होत नाही. कमी होते ते त्याच्यामागे जाणाऱ्यांचे.

हा प्रयोग आपल्या देशात एकदा झालेला आहे, आणि तोही फार मोठ्या माणसांनी केलेला. 1931 ची जनगणना सविनय कायदेभंगाच्या ऐन धामधुमीत आली. काँग्रेसने 11 जानेवारी 1931 चा रविवार जनगणना-बहिष्काराचा दिवस म्हणून पाळला. परक्या सरकारच्या कामात हात द्यायचा नाही, हा त्यामागचा विचार त्या काळाला धरूनच होता. अहमदाबादेसारख्या गुजरातेतल्या काही शहरांत त्याचा परिणामही जाणवला. बाकी देशाने बहुतेक ठिकाणी मोजणी करू दिली. त्याच मोजणीत पंजाबातल्या अस्पृश्य समाजातल्या चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म ‘आदि धर्म’ असा नोंदवून घेतला. राष्ट्रीय नेते कागदाकडे पाठ फिरवत असताना ज्यांच्या पदरी काहीच नव्हते, त्या माणसांनी तोच कागद हक्काने भरला. पुढे काय झाले? 1941 मध्ये जातवार आकडे प्रसिद्ध झाले नाहीत आणि स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची मोजणीच थांबली. त्यामुळे 1980 मध्ये मंडल आयोगाला इतर मागासांची लोकसंख्या 52 टक्के ठरवताना आधार घ्यावा लागला तो त्याच 1931 च्या तक्त्यांचा. ज्या गणनेला हात लावू नका म्हणून सांगितले गेले, तिच्याच आकड्यांवर पन्नास वर्षांनी स्वतंत्र भारतातले सर्वांत मोठे सामाजिक धोरण उभे राहिले. बहिष्कार देशभर यशस्वी झाला असता तर आयोगाच्या हाती काय उरले असते, याचा विचार करून पाहा. आणि बहिष्काराची घोषणा करणाऱ्यांपैकी किती जणांचे त्यात काही गेले असते, याचाही.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेचे आहे. मिनेसोटा राज्यातल्या प्रतिनिधी मिशेल बाकमन यांनी 2009 मध्ये जाहीर केले की, पुढच्या वर्षीच्या जनगणनेत आपण घरात माणसे किती एवढेच सांगू, बाकी प्रश्नांना उत्तर देणार नाही. सरकारला एवढी चौकशी करायचा अधिकार काय, हा त्यांचा सवाल. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षातल्या सहकाऱ्यांनी त्यांना असे करू नका म्हणून उघडपणे बजावले. त्यात काही थोर तत्त्व नव्हते, साधा हिशोब होता. सरकारवर सर्वांत जास्त अविश्वास असलेले आपले मतदार घरी बसले तर आपल्याच भागाची संख्या घटणार. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या 435 जागा दर दहा वर्षांनी लोकसंख्येवरून राज्यांत वाटल्या जातात. 2010 च्या मोजणीनंतर त्या वाटपातली शेवटची, 435 वी जागा कोणाला मिळाली? मिनेसोटालाच. 2020 मध्येही तीच गत. त्या वेळी न्यूयॉर्कने एक जागा गमावली ती अवघ्या 89 माणसांच्या फरकाने. बाकमनबाईंच्या बोलण्यावरून एखाद्या लहान शहराने 2010 मध्ये दारेच लावून घेतली असती तर त्यांच्या राज्याचा एक प्रतिनिधीच गेला असता.

आपल्याकडे हा हिशोब अमेरिकेहून कमी कडक नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात कोणत्या राज्यातल्या किती माणसांना स्वस्त धान्य द्यायचे, ती मर्यादा 2011 च्या जनगणनेवरून बांधली गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 7 कोटी माणसांची मर्यादा आली. 2011 मध्ये राज्याची लोकसंख्या 11 कोटी 23 लाख होती. त्यानंतर इथे किती मुले जन्मली, किती कुटुंबे कामाच्या शोधात आली, पण मर्यादा जागची हलली नाही. रेशनकार्डावर नाव चढवायला गेलेल्या बाईला ‘कोटा संपला’ हे उत्तर मिळते, त्याचे एक मूळ या जुन्या आकड्यात आहे. पंचायतींत आणि नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही जनगणनेच्या प्रमाणातच ठरतात. लोकसभेच्या राज्यवार जागा 1971 च्या लोकसंख्येवर गोठलेल्या आहेत आणि 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत त्या तशाच राहायच्या, अशी घटनेत तरतूद आहे. ती पहिली जनगणना हीच.

यावर एक जोरकस आक्षेप येईल: नोंदणीला नकार हे दुबळ्यांचे शस्त्र आहे, ते हिरावून का घेता? याला ब्रिटनमधल्या स्त्रियांचा दाखला आहे. 1911 च्या जनगणनेवर मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी बहिष्कार घातला होता. मोजणीच्या रात्री कित्येकींनी घराबाहेर मुक्काम केला, कित्येकींनी फॉर्म कोरा ठेवला. त्यांच्यातल्या एमिली डेव्हिसन तर वेस्टमिन्स्टरला पार्लमेंटच्या इमारतीतच एका अडगळीच्या कपाटात लपून राहिल्या. गंमत अशी की, त्या सापडल्या आणि त्यांची नोंद झाली ती त्याच पत्त्यावर. त्या लढ्याचा मला आदरच आहे. पण त्या बायकांना मत नव्हते, कायदा करायला त्यांचे कोणी बसलेले नव्हते. दुसरे कोणतेच दार उघडे नव्हते म्हणून त्यांनी हे दार निवडले. आजच्या खासदाराला सभागृहात प्रश्न विचारता येतो, विधेयकावर दुरुस्ती सुचवता येते, पत्रकार परिषद घेतली तर चार कॅमेरे येतात. ज्याच्या हाती एवढी साधने आहेत, त्याने दुबळ्यांचे शस्त्र उचलणे म्हणजे शौर्य नव्हे, सोय आहे.

दुसरा आक्षेप सौम्य आणि सभ्य आहे, म्हणून तो अधिक पसरतो. 2025 मध्ये कर्नाटकाच्या मागासवर्ग आयोगाने सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण केले. ती जनगणना नव्हती आणि भाग घेणे ऐच्छिक आहे असे उच्च न्यायालयाने सांगितलेले होते, तेव्हा नकार देणाऱ्यांनी कायदा मोडला असे कोणी म्हणू नये. राज्यसभा सदस्य सुधा मूर्ती आणि त्यांचे पती नारायण मूर्ती यांनी लेखी कळवले की, आम्ही मागास समाजातले नाही, त्यामुळे आमच्या माहितीचा सरकारला उपयोग नाही. सुधाताईंचा वाचक महाराष्ट्रात घरोघरी आहे, म्हणून त्यांच्या या म्हणण्याचा विचार इथे व्हायला हवा. शाळेत अपूर्णांक शिकवताना अंश आणि छेद शिकवतात. मागास किती, हा अंश. एकूण किती, हा छेद. पुढारलेली माणसे छेदातून निघून गेली तर उत्तर चुकते, आणि एक समाज दुसऱ्याच्या किती पुढे किंवा मागे आहे हे मोजायला फूटपट्टीच उरत नाही. जो मागास नाही, त्याचे शिक्षण आणि नोकरी कळल्याशिवाय मागासलेपण सिद्ध होणार कशावरून?

छेद नसला की काय होते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाला धक्का दिला, त्याचे एक मोठे कारण होते खात्रीचा आकडेवारीचा आधार नसणे. मग बांठिया आयोग नेमला गेला. त्याने इतर मागासांची लोकसंख्या 37 टक्के असल्याचा अंदाज दिला, तर मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून जात ओळखली अशी टीका झाली. एकच आडनाव मराठा, माळी, धनगर, महार अशा किती तरी समाजांत असते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. या गोंधळात महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे निवडणुकीविना प्रशासकांच्या हाती राहिल्या. ज्यांना जात नकोशी वाटते त्यांनी तसे जरूर सांगावे, पण दार उघडून, प्रश्नांना उत्तरे देऊन.

सर्वांत खरा आक्षेप खाजगीपणाचा आणि भीतीचा आहे. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी खात्याने लोकांची नावे-पत्ते चार वर्षांपर्यंत जपून ठेवायचे ठरवले, तेव्हा सिनेटर निक झेनोफन आणि ग्रीन पक्षाच्या काही सिनेटरांनी नाव देणार नाही असे जाहीर केले. दंडाची तयारीही दाखवली. 9 ऑगस्टच्या रात्री खात्याचे संकेतस्थळच हल्ल्यामुळे बंद ठेवावे लागले, तेव्हा त्यांची शंका अनाठायी नव्हती असे पुष्कळांना वाटले. या नकाराला मी बाकमन यांच्या पंगतीत बसवणार नाही. आक्षेप नेमका होता, एका रकान्यापुरता होता. तरीही तिथल्या 95 टक्क्यांहून अधिक घरांनी फॉर्म भरला, आणि खात्याला जाब विचारला तो संसदेत.

आपल्याकडची भीती वेगळी आहे. 2019 च्या डिसेंबरात राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीवरून वादळ उठले. पश्चिम बंगाल आणि केरळने ते काम थांबवले, अखिलेश यादवांनी आपण फॉर्म भरणार नाही म्हणून सांगितले. ती नोंदणी नागरिकत्व कायद्याखाली येते, जनगणना 1948 च्या स्वतंत्र कायद्याखाली. पण दोन्ही कामे एकाच कर्मचाऱ्याने एकाच फेरीत करायची ठरली होती, तेव्हा गरीब मुसलमानाने किंवा पारधी वस्तीने त्यांत फरक करावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होते. म्हणून प्रगणकाला विचारा: हा कोणत्या कायद्याचा फॉर्म आहे? विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जनगणना कायद्याच्या 15 व्या कलमानुसार तुमची वैयक्तिक नोंद कोणाला पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. उत्तर नाकारले तर एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. (याच कायद्यात, रूढीने नवऱ्याचे नाव घ्यायची मनाई असलेल्या बाईवर ते सांगायची सक्ती नाही, अशी सवलतही आहे, उखाण्याच्या मुलखात ती कळेल.) या खेपेला माहिती मोबाइलवर भरली जाणार आहे. ती कोठे साठेल, कोण पाहील, याचा खुलासा मागणे हे खासदारांचे काम आहे, आणि ते काम त्यांनी आत्ता करायचे आहे, प्रगणक दारात उभा राहिल्यावर नव्हे.

तेव्हा आपल्या नगरसेवकाला, सरपंचाला, आमदाराला आताच विचारा की, तुम्ही स्वतः सर्व प्रश्नांची उत्तरे देणार का, आणि देणार नसाल तर कोणत्या प्रश्नाचे आणि का? उत्तर लेखी मागा. आणि त्यांना खरोखर काही करायचेच असेल तर एक काम सांगा. माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. तेव्हा गाळप हंगाम चालू असेल. बीड, अहिल्यानगर, जालन्याचे ऊसतोड मजूर कोल्हापूर, सांगलीपासून कर्नाटकापर्यंत फडांवर कोपीत असतील. गावातल्या त्यांच्या घराला कुलूप, आणि फडावर त्यांना कोणी विचारायला जाईल याची खात्री नाही. मुकादमांकडून टोळ्यांच्या याद्या घेऊन, त्या तहसील कचेरीत देऊन, प्रत्येक फडावर प्रगणक पोचला की नाही हे कारखान्याच्या संचालकांनी आणि त्या भागाच्या आमदारांनी पाहावे. मजुरांनीही गावाकडे नोंद झाली आहे का ते फोनवर विचारून घ्यावे, नसेल तर फडावर आलेल्या माणसाला थांबवून सगळ्या बिऱ्हाडाची, कोपीतल्या तान्ह्या मुलासकट, नोंद करून घ्यावी.