लसीच्या पेटीवर गावाची नजर हवी



न्हावा शेवा हे नाव आपल्या चळवळीला ठाऊक आहे ते १९८४ सालच्या १६ आणि १७ जानेवारीमुळे. जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांवर त्या दोन दिवसांत पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण हुतात्मे झाले. त्यानंतर १९८९ साली तिथले बंदर सुरू झाले. आज आपल्या कापसाच्या गाठी त्या बंदरातून परदेशी जातात, आणि नाशिक-सांगलीकडची द्राक्षेही तिथूनच जातात.

द्राक्षांचा हा प्रवास कोरडवाहू शेतकऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. बागेतून निघालेला माल शीतगृहात थंड होतो, थंड कंटेनरमध्ये चढतो आणि बंदरावर जहाजाची वाट पाहत असला तरी त्या कंटेनरला विजेची जोडणी दिलेली असते. तपमानावर कोणाची तरी नजर असते. कारण सरळ आहे. थंडाव्यात खंड पडला की माल नासतो आणि परदेशातले गिऱ्हाईक तो नाकारते. मालामागे पैसा आहे, म्हणून मालाला राखण आहे.

अशीच थंडाव्याची एक साखळी आपल्या गावापर्यंत येते. ती आपल्या लेकरांच्या लसीची. कारखान्यातून पुण्याच्या राज्य भांडारात, तिथून विभागाला, जिल्ह्याला, मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआर नावाच्या फ्रीजमध्ये आणि शेवटी लसीकरणाच्या दिवशी निळ्या पेटीतून अंगणवाडीत. या साखळीची राखण कोण करतो, हा आमचा प्रश्न आहे. नासलेले द्राक्ष डोळ्यांना दिसते. निकामी झालेली लस बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. ती टोचली तरी मूल रडते, कार्डावर तारीख पडते, माय निश्चिंत होऊन रोजाने जाते. आणि पुढे गोवर किंवा घटसर्प आला म्हणजे लोक म्हणतात, लस घेऊन काय उपयोग झाला? दोष लसीचा नसतो, राखणीचा असतो.

आरोग्य केंद्रात लस २ ते ८ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवायची असते. उष्णतेने लस हळूहळू निकामी होते, हे सगळ्यांना पटते; विदर्भ-मराठवाड्याचा मे महिना ज्याने काढला त्याला ते वेगळे सांगायला नको. पण गारठ्यानेही लस मरते, हे फार थोड्यांना माहीत आहे. पोलिओचे थेंब गोठले तरी बिघडत नाहीत. पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब, त्रिगुणी, धनुर्वात-घटसर्प या लसी मात्र एकदा गोठल्या की कायमच्या निकामी होतात. म्हणून डीप फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे डबे तसेच पेटीत घालायचे नसतात. ते बाहेर ठेवायचे, घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी वाजले की मगच पेटीत लावायचे. 'जास्त बर्फ म्हणजे जास्त चांगली लस' ही समजूत चुकीची आहे.

आता विजेचे. आयएलआर हा घरच्या फ्रीजसारखा नाही. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तो आपला थंडावा राखू शकतो, अशीच त्याची बांधणी आहे. आठ तासांची वीज म्हणजे काय ते शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आपला कृषिपंप त्याच हिशेबावर चालतो. पण डीपी जळाली आणि चार दिवस कोणी फिरकले नाही, तर विहिरीवरचा पंप थांबतो तसा हा फ्रीजही थांबतो. रायगडच्या घारापुरी बेटावर, न्हावा शेवा बंदराच्या अगदी समोर, समुद्राखालून केबल टाकून वीज पोचायला २०१८ साल उजाडले. बंदरातला कंटेनर रात्रंदिवस विजेवर, आणि पलीकडची माणसे अंधारात! बाजारात जाणाऱ्या मालाला वीज आणि माणसांना प्रतीक्षा, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. म्हणून जिथे लस साठवली जाते त्या प्रत्येक केंद्रात जनित्र चालू स्थितीत हवे आणि त्याला डिझेल हवे, ही मागणी पंपाच्या विजेइतकीच आपली आहे.

साठवण नीट झाली तरी देताना घात होऊ शकतो. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावी, पोलिओच्या मोहिमेत बारा बालकांना थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, ती जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखल झाली आणि सुदैवाने वाचली. तिघा कर्मचाऱ्यांच्या निलंबनाची घोषणा झाली. कारवाई व्हायलाच हवी. पण केवळ माणसे निलंबित करून पुढची चूक टळत नाही. पोलिओची कुपी आणि दुसरी कोणतीही बाटली एका टेबलावर नसावी, आणि थेंब पाजण्याआधी कुपीवरचे नाव दर वेळी मोठ्याने वाचावे, एवढा साधा शिरस्ता पाळला तर असा प्रसंग सहसा येणार नाही.

दक्षिण सुदान देशात २०१७ साली याहून भीषण घडले. गोवराच्या मोहिमेत चार दिवस एकच सिरिंज वापरली, लस थंड ठेवली नाही, आणि पंधरा मुले दगावली. तिथेही लस चांगली होती, ती हाताळणारे हात शिकवलेले नव्हते.

म्हणून आमचे सांगणे आहे की लसीला घाबरू नका, पण डोळे मिटूनही बसू नका. बियाण्याच्या पिशवीचे सील आणि लॉट नंबर आपण पाहून घेतो, तसे लसीच्या दिवशी एवढे पाहा :

१. कुपीवर एक गोल खूण असते, त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर उष्णतेने लस बिघडलेली नाही. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर ती कुपी वापरायची नाही. ही खूण गोठण्याबद्दल मात्र काही सांगत नाही. त्यासाठी पेटी भरतानाच काळजी हवी.

२. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस पुडीच्या रूपात असते. तिच्यासोबत आलेल्याच द्रावणात ती मिसळायची, मिसळल्याची वेळ कुपीवर लिहायची आणि चार तासांनंतर उरलेली टाकून द्यायची. सकाळी मिसळलेली लस संध्याकाळी घेऊ नका.

३. प्रत्येक मुलाला नवी सिरिंज, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली.

४. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. थोडा ताप, थोडी सूज येते. औषध नर्सबाईंना विचारून द्या. टोचल्या जागी हळद, तेल, चुना काही लावू नका.

५. कोणती लस दिली, पुढे कधी यायचे, हे विचारा आणि कार्ड जपा. जन्मतः, दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिने, मग दीड वर्ष आणि पाच वर्षे, हे टप्पे आहेत. साध्या सर्दी-पडशासाठी टप्पा चुकवू नका.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी कार्ड सोबत न्यावे. जिथे मुक्काम पडेल तिथल्या केंद्रात पुढचा डोस मिळतो, आणि तो फुकट मिळतो. राहिलेला डोस घेण्यात लाज नाही. २०२२ साली मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, लेकरे गेली. डोस राहिलेल्या मुलांना त्याने आधी गाठले.

कोणी म्हणेल, शेतमालाच्या भावाची चळवळ सोडून हे काय? आम्ही काही सोडलेले नाही. सरकार लस देते ते उपकार म्हणून नव्हे. कापसाला आणि ज्वारीला कमी भाव घेऊन आपण तिची किंमत कैक पटीने मोजलेली आहे. किंमत मोजलेला माल तपासून घेण्याचा हक्क आपला आहे. मात्र तो हक्क नर्सबाईंवर किंवा आशाताईंवर डोळे वटारून बजावायचा नाही. भर उन्हात पेटी खांद्याला लावून त्याच येतात. त्यांना सावलीची जागा, प्यायला पाणी आणि पेटी ठेवायला टेबल देणे हे गावाचे काम आहे.

या जिल्हा बैठकीत प्रत्येक गावाने दोन नावे ठरवावीत, त्यातले एक बाईचे असावे. या दोघांनी महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात जाऊन आयएलआरच्या तपमानाची वही पाहू द्यावी अशी विनंती करावी. ती नोंद दिवसातून दोनदा, रविवारीही व्हायची असते. वही कोरी दिसली, किंवा सगळे आकडे एकाच दिवशी एकाच पेनने भरलेले दिसले, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पुढच्या बैठकीत गावोगावचा अहवाल आम्ही मागणार आहोत.